पोट पाहण्याची विद्या आणि तिचे दप्तर

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेला प्रवासी कात्रजचा घाट ओलांडून शिवगंगेच्या खोऱ्यात उतरला, खेड-शिवापूर आणि नसरापूरचा फाटा त्याने मागे टाकला, आणि कापूरहोळ अद्याप यावयाचे आहे अशा बेताला जे गाव त्यास महामार्गाच्या कडेला लागते, ते कामथडी. उजव्या हाताला दूरवर राजगड-तोरण्याचा मुलूख, पुढे कापूरहोळहून फुटणारी भोरची वाट. आणि भोर म्हटले की पंत सचिव आलेच. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत शंकराजी नारायण यांजकडे सचिवपद आले आणि त्यांच्या वंशाने पुढे १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत भोरची गादी चालविली, हे सर्वश्रुत आहे. परंतु सचिवाचे मूळ काम काय, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते. सचिव म्हणजे फारसी अमदानीतला सुरनीस. राजपत्रे बारकाईने वाचावीत, त्यांतील अधिकउणे अक्षर नीट करावे, महालपरगण्यांचे हिशेब तपासावेत, आणि मगच कागद पुढे जाऊ द्यावा, असा त्याचा अधिकार. तलवार दुसऱ्याची, खजिना तिसऱ्याचा. पण सुरनिसाच्या नजरेखालून कागद गेल्यावाचून दरबारात पान हलत नसे.

वैद्यकाच्या इतिहासात हा सुरनीस कोठून आला, असे वाचक विचारील. कामथडीच्या थांब्यावर सकाळच्या एस.टी.ची वाट पाहणाऱ्या मंडळींत काखेत लांबरुंद पाकीट धरलेला एखादा तरी मनुष्य असतोच, आणि ‘काय हो, कुणीकडे?’ असे विचारता ‘पोटाचा फोटो दाखवायला, पुण्याला’ असे उत्तर मिळते. त्या पाकिटात जे असते त्याचा इतिहास लिहावा असे माझ्या मनात बरेच दिवस होते. आणि लिहू लागल्यावर असे दिसून आले की, मनुष्याचे पोट न फाडता आत पाहण्याची विद्या जगात डोळ्याच्या बळावर वाढली खरी, पण आमच्या महाराष्ट्रात तिची कथा निम्म्याहून अधिक दप्तराची आहे.

डोळा येण्यापूर्वी हात होता. आयुर्वेदाच्या अष्टविध परीक्षेत नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श, दृक् आणि आकृती अशी आठ साधने सांगितली आहेत, आणि पोटाच्या बाबतीत त्यांतील स्पर्शाचे महत्त्व कोणी निराळे सांगावयास नको. गावच्या सुईणीचा तळवा बाळाचे डोके वर आहे की खाली, हे बिनचूक सांगे. युरोपातही निराळे काही नव्हते. १७६१ साली व्हिएन्नातील आउएनब्रुगर या वैद्याने छातीवर बोटे आपटून आतला नाद ऐकण्याची युक्ती प्रसिद्ध केली. तो खानावळवाल्याचा मुलगा होता, आणि पिंपात मद्य कोठवर भरले आहे हे बाहेरून ठोकून कळते, हे त्याने बाळपणी पाहिलेले. पोट फुगलेल्या रोग्याच्या कुशीवर टिचकी मारून जलोदर ओळखणारा डॉक्टर आजही नकळत त्या पिंपाचाच आधार घेत असतो.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी व्यूर्त्सबुर्ग येथे राँटगेनला क्ष-किरण सापडले आणि हाताची सद्दी संपली, असे सामान्यतः समजले जाते. हाडांपुरते ते खरे, पोटापुरते नव्हे. हाड चुन्याचे, म्हणून किरणांस अडविते आणि तबकडीवर पांढरे उमटते. परंतु यकृत, प्लीहा, आतडी आणि त्यांमधले पाणी यांची घनता जवळजवळ एकसारखी असल्यामुळे पोटाच्या चित्रात नुसते करडे धुके दिसे. बंदुकीची गोळी कोठे रुतली आहे हे दाखविणारे यंत्र पोटशूळापुढे आंधळे ठरले. या अंधत्वावर पहिला उतारा काढला तो हार्वर्डमधील वॉल्टर कॅनन या विद्यार्थ्याने. १८९६ च्या अखेरीपासून त्याने प्राण्यांना बिस्मथ मिसळलेले अन्न चारून किरणांच्या पडद्यावर ते घशातून व जठरातून उतरताना पाहिले. दिसेना ते अवयव. मग अवयवातून जाणारी वस्तूच अपारदर्शक केली की अवयवाची आकृती आपसूक उमटते, ही ती युक्ती. १९०४ साली म्यूनिकमध्ये रीडरने ती माणसांवर रूढ केली; पण बिस्मथचा क्षार क्वचित विषारी ठरे, म्हणून १९१० पासून निरुपद्रवी बेरियम सल्फेट आले. आमच्या मागल्या पिढीतील अल्सरच्या रोग्यांना खडूच्या चवीचा तो पांढरा काला चांगला आठवत असेल. ‘बेरियम पाजलं’ हा शब्दप्रयोग तेव्हा ‘मोठा आजार आहे’ या अर्थानेच घरात उच्चारला जाई. १९२४ साली अमेरिकेत ग्रॅहम आणि कोल यांनी पित्ताशयात उतरणारे औषध देऊन पित्ताशयही छायांकित केले. तथापि पोकळ अवयवांना जे साधले ते भरीव अवयवांना साधले नाही. यकृत, स्वादुपिंड, मूत्रपिंडावरली गाठ ही सारी अजून धुक्यातच राहिली.

त्या धुक्याची किंमत आमच्यासारख्या उष्ण देशात यकृताच्या गळवाने वसूल केली. आमांशाच्या जंतूंनी यकृतात केलेले हे गळू हिंदुस्थानात चांगलेच परिचयाचे. १९१२ साली कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्सने एमेटिनची सुई देऊन त्याच्या मूळ रोगावर उपाय दाखविला, पण साचलेला पू काढावयाचा तर बरगड्यांमधून जाड सुई अंदाजाने आत घालावी लागे. पू मिळाला तर मिळाला. न मिळाला तर सुई बाहेर काढून बोटभर बाजूस पुन्हा. आणि हाच अंदाज एखाद्या मेंढपाळाच्या बाबतीत भलताच अंगाशी येई. मेंढी आणि कुत्रा यांच्या संगतीत वाढणाऱ्या एका पट्टकृमीची अंडी पोटात गेली, की यकृतात पाण्याने भरलेली गाठ धरते. बाहेरून ती गळवासारखीच हाताला लागते. मात्र तिला अवचित सुई टोचून आतले पाणी पोटात सांडले तर रोगी जागच्या जागी गलितगात्र होण्याचे भय. म्हणजे एकाच जागच्या दोन फुगवट्यांपैकी एकास सुई हे औषध आणि दुसऱ्यास सुई हाच धोका. वेल्ह्याच्या डोंगरात मेंढरे वळणारा धनगर पोट दाबीत सरकारी दवाखान्यात आला, तर समोरच्या डॉक्टरला कोणत्या संकटात पडावे लागत असेल, याची कल्पना वाचकाने करावी.

या संकटातून सोडविणारी वाट रुग्णालयातून निघाली नाही, बॉयलरच्या कारखान्यातून निघाली. दुसऱ्या महायुद्धात विमानदलात काम केलेला इयान डोनाल्ड हा ग्लासगो येथे प्रसूतिशास्त्राचा प्राध्यापक होता. पाणबुडीचा शोध घेणाऱ्या आणि पोलादी जोडांतील भेगा हुडकणाऱ्या ध्वनियंत्रांविषयी त्याने ऐकले होते. त्याच्या एका रुग्णेचे यजमान रेनफ्रू येथील बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलर बनविणाऱ्या कंपनीत अधिकारी निघाले, आणि २१ जुलै १९५५ रोजी डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी दोन मोटारींच्या मागच्या पेटीत भरून कारखान्याच्या दारात दाखल झाला. कंपनीने तुलनेसाठी म्हणून मांसाचा एक मोठा तुकडा आणवून ठेवला होता. पोलादावर फिरणारा तो खुंटा गाठींवर टेकविला. पाण्याने भरलेल्या गाठीतून पुढच्या भिंतीचा आणि मागच्या भिंतीचा असे दोनच प्रतिध्वनी परत आले, मधे नुसती शांतता; भरीव गाठीतून मात्र प्रतिध्वनींचा गलबला उठून हळूहळू विरत गेला. पिंपावर टिचकी मारणाऱ्या खानावळवाल्याच्या मुलाची विद्या दोनशे वर्षांनी पुन्हा अवतरली. भेद एवढाच, की नाद आता मनुष्याच्या कानास ऐकू येणारा नव्हता.

पुढल्या वर्षी टॉम ब्राउन नावाचा तरुण अभियंता त्यास येऊन मिळाला. दोघांनी मिळून रोग्याच्या पोटावर ऑलिव्हचे तेल चोपडून यंत्राचा खुंटा फिरविला आणि प्रतिध्वनींची उभी चिरफाड पडद्यावर उमटविली. या काळातील एक हकीकत वैद्यकीय इतिहासात प्रसिद्ध आहे. जठराचा कर्करोग हाताबाहेर गेला, पोटात पाणी भरले, आता शस्त्रक्रियेत अर्थ नाही, असा निर्वाळा मिळालेली एक स्त्री डोनाल्डला दाखविण्यात आली. खुंटा टेकविताच पाण्याच्या कडा स्वच्छ दिसल्या. ते मोकळे पाणी नव्हते, एका भल्या मोठ्या पिशवीत कोंडलेले होते. बीजकोशाची गाठ होती. ती काढली आणि बाई वाचली. ७ जून १९५८ रोजी ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात डोनाल्ड, मॅकव्हिकर आणि ब्राउन यांचा लेख आला. त्याचा विषय गर्भ नव्हता, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो. पोटातल्या गाठींचा ध्वनिलहरींनी तपास, असा त्याचा मथळा होता. आमच्याकडे सोनोग्राफी म्हणजे बाळंतपणाचे यंत्र अशी जी समजूत रूढ झाली, तिला जन्मकुंडलीत आधार नाही.

यंत्राची रीत समजावयास अवघड नाही. विशिष्ट स्फटिकास विजेचा झटका दिला की तो कंप पावतो, आणि कंपाचा दाब बसला की उलट वीज देतो. यांतला दुसरा गुण क्यूरी बंधूंनी १८८० साली शोधला होता. असे स्फटिक सेकंदाला काही दशलक्ष कंप या गतीने ध्वनी आत पाठवितात. मऊ अवयवांतून तो सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने धावतो आणि जेथे एक पदार्थ संपून दुसरा सुरू होतो तेथून माघारी वळतो. वळावयास किती वेळ लागला यावरून खोली कळते, किती जोराने वळला यावरून पदार्थाचा पोत. पाणी म्हणजे काळोख, चरबी म्हणजे उजेड, खडा म्हणजे चकाकी आणि तिच्या पाठीमागे शेपटासारखी काळी सावली. मोठा शत्रू वायू. आतड्यातील वारा ध्वनीस पुढे जाऊच देत नाही. म्हणून पोटाच्या तपासास उपाशी यावे, आणि खालच्या भागासाठी तांब्याभर पाणी पिऊन लघवी धरून ठेवावी, म्हणजे भरलेले मूत्राशय आतड्यांस बाजूस सारते आणि आत पाहावयास पाण्याची खिडकी होते. मेंढपाळाच्या त्या गाठीची तर याच यंत्राने पुरती उकल केली. भिंत एकेरी की दुहेरी, आत पिल्लांसारख्या लहान गाठी आहेत की नाहीत, यावरून १९८१ साली ट्यूनिशियाच्या घार्बीने तिच्या अवस्थांची प्रतवारी लावून दिली. आणि गळवात घालावयाची सुई आता डोळ्यांदेखत आत जाऊ लागली. मोठमोठ्या शोधांच्या यादीत हे कोणी लिहीत नाही. परंतु सुईचे टोक पडद्यावर दिसणे याहून मोठी क्रांती पोटाच्या रोग्यापुरती दुसरी झाली असेल, असे मला वाटत नाही.

सी.टी. आणि एम.आर.आय. यांची कथा अधिक झगझगीत असली तरी येथे ती थोडक्यात उरकतो. १ ऑक्टोबर १९७१ रोजी हाउन्सफील्डच्या यंत्राने लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा छेद दाखविला. पोटाला मात्र थांबावे लागले, कारण डोके स्थिर राहते आणि पोट श्वासागणिक हलते. १९७४ साली अमेरिकेत लेडलीने सर्व शरीराचे यंत्र सिद्ध केले, आणि १९८९ मध्ये कालेन्डरने सर्पिल गतीची पद्धत मांडल्यावर अवघे उदर एका श्वासाच्या अवधीत चिरून पाहता येऊ लागले. लाउटरबुरने १९७३ साली चुंबकीय अनुनादाची वाट उघडली, आणि तिच्या आधारे पित्तनलिकांचे चित्र रंग न टोचता निघू लागले ते १९९१ पासून. आमच्या मुंबईनेही यात आपला वाटा उचलला. परळचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ साली आज ज्यास भाभा अणुकेंद्र म्हणतात त्याच्या छत्राखाली निघाले, आणि किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देऊन अवयवाचा ठाव घेण्याच्या विद्येस देशात तेथून चालना मिळाली. ही यंत्रे मात्र शहराची. त्यांचे वजन, त्यांची वीज, त्यांची किंमत यांना कात्रजचा घाट उतरणे जमण्यासारखे नव्हते. घाट उतरले ते सोनोग्राफीचे यंत्र, कारण ते लहान होते, स्वस्त होते आणि त्यात किरणांचे भय नव्हते.

आणि येथूनच दप्तर सुरू होते. गर्भजल काढून त्याची परीक्षा करण्याची रीत १९७० च्या दशकात जन्मजात व्यंगे ओळखण्यासाठी देशात आली; तिचा उपयोग मुलगी ओळखून गर्भ पाडण्याकडे वळण्यास फार काळ लागला नाही. मुंबईत आज थोडके शेकडे खर्चा आणि उद्याचे हुंड्याचे लाख वाचवा, अशा आशयाच्या जाहिराती झळकल्या. १९८० च्या दशकाच्या मध्यास मुंबईतील स्त्री-कार्यकर्त्यांनी याविरुद्ध मंच उभारला, सरकारदरबारी तगादा लावला, आणि १९८८ साली महाराष्ट्राने प्रसवपूर्व निदानतंत्राच्या वापराचे नियमन करणारा देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला. अमलात आला म्हणजे गॅझेटात आला. तोवर गर्भजलपरीक्षेची गरजच उरली नव्हती. डोनाल्डचे यंत्र गावोगावच्या दवाखान्यांत पोचले होते, आणि डॉक्टरने तोंडाने काही न बोलता नुसते पेढा किंवा बर्फी म्हटले तरी पुरे होते. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ साली ९१३ उरल्या. कोल्हापूर जिल्ह्यात तर ८३९. हे आकडे म्हणजे एखाद्या परचक्राची कैफियत नव्हे, सुखवस्तू प्रांताची खानेसुमारी होती, ही गोष्ट मला अद्याप बोचते.

कायदा हलविण्याचे काम २००० साली तीन अर्जदारांनी केले: मुंबईची ‘सेहत’, पुरंदर तालुक्यात काम करणारी ‘मासूम’, आणि साबू जॉर्ज. त्यांतली ‘मासूम’ आम्हाला अगदी शेजारची. कापूरहोळहून पूर्वेस वळून नारायणपूरच्या वाटेने गेले की सासवड. सर्वोच्च न्यायालयाने राज्याराज्यांना जाब विचारला आणि १४ फेब्रुवारी २००३ पासून सुधारलेला कायदा लागू झाला. यंत्र नोंदल्याखेरीज ठेवावयाचे नाही, नोंद नसलेल्यास विकावयाचे नाही, आणि प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीमागे ‘फॉर्म एफ’ भरावयाचा. त्या फॉर्मात उणीव सापडली, तर उलट सिद्ध होईपर्यंत तो गुन्हाच समजावा, असे कलम बसले. सुरनीस परतला तो असा. मात्र पूर्वीचा सुरनीस अधिकउणे अक्षर दुरुस्त करून कागद पुढे पाठवी, आताचा त्याच अक्षरासाठी यंत्रास मोहोर लावू लागला.

लक्ष्मीकांत देशमुख हे कोल्हापूरचे तेव्हाचे जिल्हाधिकारी, आणि स्वतः मराठी कथाकादंबरीकार. त्यांनी सोनोग्राफी यंत्रांत प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारे उपकरण बसविण्याचा हुकूम काढला. क्ष-किरणतज्ज्ञांची संघटना त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेली, आणि २०११ साली न्यायालयाने हुकूम कायम केला. साताऱ्यात वर्षा देशपांडे यांच्या लेक लाडकी अभियानाने गर्भवती स्त्रियांच्या साहाय्याने सापळे रचून दोषी डॉक्टरांना रंगेहाथ पकडून दिले. २०१२ साली हातात नेता येणारी यंत्रे नोंदलेल्या जागेच्या किंवा फिरत्या दवाखान्याच्या बाहेर वापरण्यास बंदी झाली आणि एका डॉक्टरने जिल्ह्यात दोनच केंद्रांवर काम करावे असे ठरले. डॉक्टरांचे म्हणणे असे, की कारकुनी चुकीस आणि गर्भलिंग सांगण्याच्या पापास एकच तराजू लावू नये. १ सप्टेंबर २०१६ रोजी देशभरच्या सोनोग्राफी केंद्रांनी संप केला तो याच मुद्द्यावर. ३ मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की फॉर्म हाच या कायद्याचा कणा, आणि तो नीट न भरणे ही क्षुल्लक चूक नव्हे.

न्यायालयाचे म्हणणे मला पटते. बंद खोलीत दोन माणसांत उच्चारलेल्या एका शब्दाचा पुरावा कागदावाचून दुसरा कोठून मिळणार? परंतु या कायद्याचा बोजा कोणावर पडला, हेही लिहून ठेवले पाहिजे. यकृताच्या गळवाला, मूत्रपिंडाच्या खड्याला, अपघातात प्लीहा फुटलेल्या मोटारसायकलस्वाराला लिंग सांगावयाचे नसते. तरी तळहाताएवढे झालेले ते यंत्र नसरापूरच्या आरोग्य केंद्रापासून वेल्ह्याच्या एखाद्या वाडीपर्यंत पिशवीत घालून नेता येत नाही, रोग्यालाच यंत्रापर्यंत यावे लागते. १९४६ साली ज्या समितीने गावोगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना मांडली तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर. त्यांचा आमच्या भोरशी आडनावापलीकडे संबंध नाही, पण दवाखाना रोग्याजवळ जावा हे त्यांचे सूत्र या यंत्रापुरते उलटे झाले. ते उलटे आम्हीच केले, बर्फी आणि पेढा करून. २०११ च्या खानेसुमारीत राज्याचा आकडा आणखी खाली, ८९४ वर आला होता.

गेल्या पावसाळ्यात कामथडीजवळच्या वाडीवरील एका आजींना घेऊन मी पुण्याला गेलो होतो. बरोबर त्यांचा अकरावीतला नातू. जेवण झाले की उजव्या कुशीत कळ. उपाशीपोटी निघालेल्या, म्हणून वाटभर चहाच्या टपऱ्यांकडे पाहत आल्या. केंद्राच्या भिंतीवर कायद्याप्रमाणे पाटी होती: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. आजींनी ती नातवाकडून वाचून घेतली आणि पदर तोंडाला लावून हसल्या, ‘आता या वयात मला रं कशाला सांगत्यात?’ अंधाऱ्या खोलीत थंड जेल पोटावर पडताच त्या दचकल्या. ‘श्वास घ्या. धरा. सोडा. आता डाव्या कुशीवर व्हा.’ पडद्यावर पित्ताशयाची काळी पिशवी दिसली. तिच्यात तळाशी दोन-तीन चकाकते दाणे, आणि आजी कुशीवर वळताच ते दाणे पिशवीच्या उतारावरून घरंगळत दुसऱ्या टोकाला गेले, मागे सावल्या ओढीत. डॉक्टरीणबाई काही बोलल्या नाहीत. ‘रिपोर्टमध्ये सगळं लिहिलंय, तुमच्या डॉक्टरांना दाखवा,’ एवढेच म्हणाल्या.

परतीच्या एस.टी.त कात्रजचा बोगदा संपून उजेड आल्यावर नातवाने पाकीट उघडले. चित्र त्याने उलटेसुलटे करून पाहिले आणि बाजूस ठेवले. मग कागद डोळ्यांजवळ धरून तो मोठ्याने वाचू लागला. लिव्हर नॉर्मल इन साइझ. स्प्लीन नॉर्मल. पॅन्क्रियाज नॉर्मल. पुढे गॉल ब्लॅडर, त्याच्यापुढे मल्टिपल कॅल्क्युलाय, मग पोस्टिरिअर अकॉस्टिक शॅडोइंग, असे एकेक अक्षर सोडवीत तो खेड-शिवापूरपर्यंत आला.

‘आरं, पर खडा हाय का न्हाय, तेवढं सांग की,’ आजी म्हणाल्या.

नातवाने कागद सरळ केला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचावयास सुरुवात केली.